सूर्यावरील डाग आणि उद्यांचें भाकीत

पंचांगांत ग्रहणाची वेळ मिनिटासहित छापलेली असते. अमुक दिवशीं अमुक वाजतां ग्रहणाचा स्पर्श होईल व अमुक वाजतां मोक्ष होईल, हें कित्येक महिने आधीं सांगितलेलें असतें, व तें चुकत नाहीं. हें पाहून आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "सर, ग्रहण इतकें अचूक सांगतां येतें, तर सूर्यावर वादळ केव्हां होणार हें पंचांगांत कां छापीत नाहींत?" कांहीं मुलें हंसलीं, परंतु आम्हांस हंसूं आलें नाहीं. ज्या प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत देतां येत नाहीं तो प्रश्न बहुधा चांगला असतो. त्या विद्यार्थ्यास व त्याच्या सोबत्यांस, आणि हा अंक ज्यांच्या घरीं जाईल त्या पालकांसहि, ह्या प्रश्नाचें सविस्तर उत्तर द्यावें, ह्या हेतूनें आम्हीं हा लेख लिहिला आहे.

ग्रहण म्हणजे तीन गोलांच्या गतीचा हिशेब होय. सूर्य, चंद्र व पृथ्वी यांच्या वाटा ठाऊक आहेत, वेग ठाऊक आहेत. म्हणून शंभर वर्षांनंतरचें ग्रहणहि गणितानें आजच काढतां येतें. परंतु सूर्याचें अंतरंग म्हणजे उकळती कढई आहे. कढईंतील पाणी किती वेळांत उकळूं लागेल हें अनुभवानें सांगतां येईल. पुढचा बुडबुडा नेमका कोठें व कोणत्या क्षणीं फुटेल हें मात्र कोणास सांगतां येणार नाहीं. ग्रहणाचा प्रश्न घड्याळाच्या जातीचा आहे. सूर्यावरील वादळाचा प्रश्न पावसाच्या जातीचा आहे. तरीहि मनुष्यानें ह्या दुसऱ्या प्रश्नाचा पाठपुरावा सोडलेला नाहीं, व त्याचें कांहीं उत्तर त्यास मिळालेंहि आहे.

प्रथम हे डाग म्हणजे काय तें पाहूं. सूर्याच्या पृष्ठभागाचें उष्णमान सुमारें ५,५०० अंश सेंटिग्रेड आहे. डागांच्या जागीं तें दीड-दोन हजार अंशांनीं कमी असतें. डाग काळा दिसतो तो केवळ भोंवतालच्या झगझगाटामुळें. तोच डाग एकटा आकाशांत टांगतां आला, तर तो डोळे दिपविण्याइतका तेजस्वी दिसेल. मोठ्या डागांत आपली अख्खी पृथ्वी सहज मावते. कांहीं डाग एक-दोन दिवसांत नाहींसे होतात, कांहीं महिना-दोन महिने टिकतात; आणि सूर्य स्वतःभोंवतीं फिरत असल्यामुळें ते एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकतांना दिसतात.

येथें एक इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनीं टक लावून पाहूं नये; दुर्बिणींतून तर क्षणभरहि पाहूं नये. तसें केल्यास दृष्टि कायमची जाऊं शकते. काजळी धरलेली कांच किंवा जुनी फिल्म यांवर विश्वास ठेवूं नये. सुरक्षित मार्ग असा कीं, शिक्षकांच्या देखरेखीखालीं लहान दुर्बिणींतून सूर्याचें बिंब पांढऱ्या कागदावर पाडावें व सर्वांनीं तो कागद पाहावा. पुष्कळ जुन्या ज्योतिषांनीं आपले शोध ह्याच रीतीनें लाविले.

डागांच्या अभ्यासास खरें वळण लाविलें तें एका औषधविक्रेत्यानें. जर्मनींतील डेसाऊ शहरीं हाइनरिख श्वाब नांवाचे गृहस्थ राहत असत. बुधाच्याहि आंतून सूर्याभोंवतीं फिरणारा एखादा अज्ञात ग्रह असावा, अशी त्यांची कल्पना होती. असा ग्रह सूर्यबिंबावरून जातांना काळ्या ठिपक्यासारखा दिसेल. पण तो ओळखावयाचा तर नेहमींचे डाग कोणते हें आधीं ठाऊक पाहिजे. म्हणून १८२६ पासून आकाश निरभ्र असेल त्या प्रत्येक दिवशीं त्यांनीं डाग टिपून ठेवण्यास आरंभ केला. ग्रह कांहीं मिळाला नाहीं, कारण तो नव्हताच. परंतु सतरा वर्षांचीं टिपणें समोर मांडल्यावर त्यांस दिसलें कीं, सुमारें दहा वर्षांच्या अवधींत डाग वाढतात, पुन्हां ओसरतात व पुन्हां वाढूं लागतात. ही गोष्ट त्यांनीं १८४३ सालीं कळविली, तेव्हां तिकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. पुढें १८५१ सालीं अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट यांनीं आपल्या 'कॉसमॉस' ह्या ग्रंथांत ते आंकडे छापले, तेव्हां विद्वानांचे डोळे उघडले. आणि १८५७ सालीं लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनें श्वाब यांस सुवर्णपदक दिलें. आपल्या शोधाविषयीं बोलतांना श्वाब यांनीं स्वतःची तुलना शौलाशीं केली होती: शौल बापाच्या हरवलेल्या गाढवी शोधावयास निघाला, आणि त्यास राज्य मिळालें.

श्वाब यांच्यानंतर स्वित्झर्लंडांतील रुडॉल्फ वोल्फ यांनीं जुनीं टिपणें गोळा करून हें चक्र सरासरीनें अकरा वर्षांचें असल्याचें ठरविलें. डाग मोजण्याची एक सोपी रीतहि त्यांनीं घालून दिली. डागांचे जितके समूह दिसतील त्यांची दसपट करावी व तींत सर्व डागांची संख्या मिळवावी. समजा, आज तीन समूह दिसले व त्यांत मिळून बारा डाग आहेत, तर आजचा अंक तीस अधिक बारा, म्हणजे बेचाळीस. निरनिराळ्या दुर्बिणींतून घेतलेले अंक जुळविण्यासाठीं त्यांस एका गुणकानें गुणावें लागतें. बाकी हीच रीत आजवर चालू आहे. परंतु अकरा वर्षें ही केवळ सरासरी होय. कांहीं चक्रें नऊ वर्षांत आटोपलीं, तर एक जवळ जवळ चौदा वर्षें लांबलें. इतकेंच नव्हे, तर १६४५ पासून १७१५ पर्यंतच्या सत्तर वर्षांत सूर्यावर डाग जवळ जवळ दिसलेच नाहींत.

असें कां होतें? १९०८ सालीं अमेरिकेंतील माउंट विल्सन वेधशाळेंत जॉर्ज एलरी हेल यांनीं डागांतून येणाऱ्या प्रकाशाचें पृथक्करण करून, डागांच्या ठिकाणीं प्रबळ चुंबकत्व असतें, असें सिद्ध केलें. त्याचा जोर पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या हजारों पट असतो. आतां सूर्य हा पृथ्वीसारखा घट्ट गोळा नाहीं. त्याचा मधला पट्टा सुमारें २५ दिवसांत एक फेरा करितो, तर ध्रुवांजवळच्या भागास सुमारें ३५ दिवस लागतात. त्यामुळें पोटांतील चुंबकीय रेषा ताणल्या जाऊन सूर्याभोंवतीं गुंडाळल्या जातात. चऱ्हाटास पीळ देत गेलें कीं एका मर्यादेनंतर तें मध्येंच वळतें व त्याचा वेढा वर उचलला जातो, हें शेतकऱ्यांच्या मुलांनीं पाहिलेलें आहे. तसेच ह्या रेषांचे वेढे पृष्ठभागाबाहेर डोकावतात. जेथून ते बाहेर पडतात व जेथें परत आंत शिरतात तेथें डागांची जोडी दिसते. पीळ फारच झाला कीं वेढा एकाएकीं तुटून निराळ्या रीतीनें जुळतो. त्यांत सांठलेली शक्ति क्षणांत मोकळी होते, आणि अब्जावधि टन विद्युत्-भारित वायूचा लोट अवकाशांत फेंकला जातो. हेंच सूर्यावरील वादळ.

ह्या वादळाचा पृथ्वीशीं संबंध कसा कळला, त्या हकीकतींत आपल्या मुंबईचाहि वाटा आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजीं सकाळीं इंग्लंडांत रिचर्ड कॅरिंग्टन हे सूर्याचें बिंब पडद्यावर पाडून डागांचें चित्र काढीत असतां, डागांच्या एका मोठ्या समूहावर एकाएकीं दोन शुभ्र ज्वाळा चमकल्या व सुमारें पांच मिनिटांत मावळल्या. सतरा-अठरा तासांनीं पृथ्वीवर चुंबकीय वादळ उसळलें. तारायंत्राच्या तारांत आपोआप विद्युत्प्रवाह वाहूं लागले. एरव्हीं ध्रुवांकडेच दिसणारा रंगीत ध्रुवप्रकाश उष्ण कटिबंधांतील लोकांनीं पाहिला. त्या वेळीं मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत टांगलेल्या लोहचुंबकाची हालचाल माणसें डोळ्यांनीं पाहून वहींत उतरून घेत असत. २ सप्टेंबरच्या दुपारपूर्वीं पृथ्वीच्या चुंबकत्वाचा तेथील आडवा जोर एकदम सुमारें १,६०० नॅनोटेस्लांनीं उतरला, व त्या कर्मचाऱ्यांनीं तो टिपून ठेविला. त्यांचीं नांवें आज कोणास ठाऊक नाहींत. परंतु त्यांचीं टिपणें २००३ सालीं शास्त्रज्ञांनीं पुन्हां तपासलीं, तेव्हां त्या थोर वादळाचा जोर मापण्यास तीं अत्यंत मोलाचीं ठरलीं. पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें. त्यांच्या विद्युत्प्रवाहामुळें मोजमाप बिघडेल म्हणून १९०४ सालीं चुंबकीय वेधशाळा अलीबागेस उभारण्यांत आली. ती आजहि चालू आहे.

तारायंत्राच्या काळीं जें केवळ नवल होतें तें आतां संकट होऊं शकतें. १३ मार्च १९८९ रोजीं अशाच वादळानें कॅनडांतील क्वेबेक प्रांताचें विजेचें जाळें दीड मिनिटांत कोसळलें, व सुमारें साठ लक्ष लोक नऊ तास अंधारांत व थंडींत राहिले. वादळ लहान असलें तरी निर्धास्त राहतां येत नाहीं. फेब्रुवारी १९२२ ला शतक लोटल्यावर, म्हणजे फेब्रुवारी २०२२ मध्यें, अमेरिकेंतून एकाच वेळीं ४९ उपग्रह सोडण्यांत आले. मागोमाग आलेल्या साधारण वादळानें वरचें वातावरण तापून फुगलें, त्याच्या घर्षणानें उपग्रहांची गति रोखली गेली, आणि त्यांपैकीं ४० पर्यंत उपग्रह खालीं येऊन नष्ट झाले. विमानांचे बिनतारी संदेश, दिशा दाखविणारीं उपकरणें व विजेचीं जाळीं, या सर्वांसाठीं पूर्वसूचना हवी असते.

ही सूचना आज तीन प्रकारांनीं देण्यांत येते, व तिन्हींची योग्यता सारखी नाहीं. स्फोटाचा प्रकाश व त्याचे क्ष-किरण आपणांकडे ८ मिनिटें २० सेकंदांत पोंचतात. स्फोट दिसला तेव्हांच त्याचे किरण येऊन ठेपलेले असतात. म्हणून स्फोटाविषयीं आधीं केवळ संभव सांगतां येतो: अमुक डागांची रचना फार गुंतागुंतीची आहे, तेव्हां उद्यां मोठा स्फोट होण्याचा संभव शेंकडा इतका. दुसरा प्रकार वायूच्या लोटाचा. त्यास येथें पोंचण्यास बहुधा एक ते तीन दिवस लागतात. म्हणून तो निघालेला दिसल्यावर तो केव्हां येईल याचा अंदाज करितां येतो, पण त्यांत कित्येक तासांची चूक होऊं शकते. शिवाय लोटांतील चुंबकत्वाची दिशा दक्षिणेकडे असेल तरच तो पृथ्वीस विशेष हलवितो, आणि ती दिशा लोट जवळ आल्यावांचून नीट कळत नाहीं. यासाठीं पृथ्वीपासून १५ लक्ष किलोमीटर सूर्याच्या बाजूस यंत्रें ठेविलेलीं आहेत. तीं कळवितात तेव्हां आपल्या हातीं पाव तास ते एक तास उरतो. भारताचें 'आदित्य-एल-१' हें यान २ सप्टेंबर २०२३ रोजीं निघून ६ जानेवारी २०२४ रोजीं त्याच जागीं जाऊन पोंचलें; त्यावरील एक दुर्बीण पुण्याच्या 'आयुका' संस्थेनें सिद्ध केली आहे. मे २०२४ मध्यें अमेरिकेंतील हवामानखात्यानें तीव्र वादळाची सूचना आधीं दिली, व १० मे रोजीं वादळ आलेंहि. परंतु तें सांगितल्यापेक्षां वरच्या पायरीचें निघालें. त्या वेळीं लडाखांतील हानले येथून आकाशांत तांबडा प्रकाश दिसला.

तिसरा प्रकार अकरा वर्षांच्या चक्राचा. येथें शास्त्रज्ञ पीक पाहण्याआधीं बीं पाहतात. चक्र ओसरत असतां डागांचें विखुरलेलें चुंबकत्व हळूहळू ध्रुवांकडे वाहत जातें. तें तेथील जुनें चुंबकत्व पुसून उलट जातीचें नवें सांठवितें. डाग अगदीं कमी असतील त्या वेळीं ध्रुवांवर हा सांठा किती आहे हें मोजलें, म्हणजे पुढील चक्र जोरकस होईल कीं दुबळें याचा अदमास बांधतां येतो. अशा मोजमापांचा व इतर रीतींचा विचार करून तज्ज्ञांच्या मंडळानें २०१९ च्या अखेरीस जाहीर केलें कीं, पंचविसावें चक्र जुलै २०२५ च्या सुमारास शिखरास जाईल व डागांचा अंक ११५ च्या जवळपास राहील. प्रत्यक्षांत शिखर २०२४ च्या शरदांतच आलें, आणि सरासरीचा अंक सुमारें १६० पर्यंत चढला.

भाकीत चुकलें, हें उघड आहे. परंतु चुकल्यावर काय केलें तें पाहावें. अंक अंदाजाबाहेर जात असल्याचें दिसतांच ऑक्टोबर २०२३ मध्यें अमेरिकेंतील केंद्रानें, आमचें पूर्वींचें भाकीत आतां पुरेसें भरंवशाचें राहिलें नाहीं, असें स्वतः जाहीर केलें व नवा अंदाज दिला: शिखर २०२४ च्या जानेवारी ते ऑक्टोबरच्या दरम्यान, अंक १३७ ते १७३. हा अंदाज खरा ठरला. आमच्या मतें शास्त्राचा मोठेपणा न चुकण्यांत नसून, चूक सर्वांसमक्ष कबूल करून हिशेब नव्यानें मांडण्यांत आहे.

उलटपक्षीं, आपल्या आवडत्या कल्पनेस चिकटून राहण्याचा मोह थोरांसहि होतो. १८०१ सालीं विल्यम हर्शेल यांनीं, सूर्यावर डाग कमी असले कीं इंग्लंडांत गहू महागतो, असें सुचविलें, आणि त्यांची थट्टा झाली. १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळांत दख्खन व मद्रास इलाख्यांत असंख्य माणसें अन्नावांचून मेलीं. अशा वेळीं, डागांवरून दुष्काळ आधीं कळेल, ही आशा कोणास वाटणार नाहीं? नॉर्मन लॉकियर आदि विद्वानांनीं तसें प्रतिपादन केलें. कोडाईकनालची सूर्य-वेधशाळा उभी राहण्यास जीं कारणें झालीं त्यांतहि ही आशा होती. पुढें भारताच्या हवामानखात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनीं डाग व पाऊस यांचे आंकडे कसोशीनें ताडून पाहिले, तेव्हां त्यांचा संबंध फारच दुबळा आढळला. त्यांनीं ती वाट सोडली, आणि दूरच्या महासागरांवरील हवेच्या दाबाकडे लक्ष देऊन 'दक्षिणी दोलन' शोधून काढलें. आज पावसाळ्याच्या अंदाजांत त्याचा खरा उपयोग होतो. कोडाईकनालचा खटाटोपहि वायां गेला नाहीं. तेथें शंभरांहून अधिक वर्षें घेतलेलीं सूर्याचीं छायाचित्रें आज जगांतील अभ्यासकांस उपयोगी पडत आहेत.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, अमुक तारखेस सूर्यावरील वादळानें जगाचा अंत होणार, किंवा डागांमुळें यंदा पाऊस पडणार नाहीं, असें कोणी छातीठोकपणें सांगूं लागला, मग तो गांवच्या पारावर सांगो कीं हातांतल्या फोनवर, तर त्यास विचारावें: हें कोणत्या मोजमापावरून? चुकण्याचा संभव किती? आणि मागें सांगितलेलें किती वेळां खरें ठरलें? खरा जाणता ह्या प्रश्नांनीं रागावत नाहीं.

आणि त्या विद्यार्थ्यास आमचें उत्तर असें: बाळ, सूर्याचीं वादळें पंचांगांत छापीत नाहींत, कारण त्यांचें पंचांग अद्याप लिहून पुरें झालेलें नाहीं. औषधें विकणाऱ्या एका गृहस्थानें व कुलाब्याच्या अनामिक कर्मचाऱ्यांनीं त्याचीं कांहीं पानें लिहिलीं. पुढलीं लिहावयाचीं आहेत. त्यासाठीं शाळेनें एक वही घालावी असें आम्हांस वाटतें. रोज मधल्या सुटींत शिक्षकांसमक्ष कागदावर बिंब पाडून तारीख, वेळ, समूह व डाग एवढेंच तींत लिहावें. डाग न दिसल्यास शून्य लिहावें. आणि ज्या दिवशीं आभाळ भरलेलें असेल, त्या दिवशीं अंदाजानें आंकडा न घालतां 'ढग' एवढेंच लिहावें.